सोलापुरात जमिनीवर पसरणारा ज्युनिपर टिकेल का? मुरमाच्या उतारावर लावायचा विचार आहे

ओट्यावरून (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. बांधताना खाली काळी माती लागली म्हणून मुरमाचा भराव टाकून प्लॉट उंच करून घेतला. त्यामुळे ओट्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत साधारण ८ फूट रुंद आणि भिंतीच्या कडेने २५ फूट लांब असा उतार राहिलाय. तोंड पश्चिमेला, दुपारी दोनपासून मावळेपर्यंत थेट ऊन. सप्टेंबरात एखादा दणका पाऊस झाला की मुरूम फाटकाखालून वाहत रस्त्यावर जातो आणि मग तो पाटीने परत आणून टाकायचा. पावसाळ्यात तिथे गाजर गवत माजतं. ते उपटायला उतारावर वाकून उभं राहणं आता गुडघ्यांना झेपत नाही.

लॉन मला नको. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते प्यायला-वापरायला पुरवायचं की गवताला घालायचं? बोअर आहे, पण ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो.

मुलगा डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्यांच्या गल्लीत घरोघरी उतारांवर एक झुडूप पसरलेलं बघितलं. निळसर हिरवं, उंची जेमतेम वीतभर, पण एकेक झाड सहा-सात फूट पसरलेलं. खालची माती कुठेही दिसत नाही. पान चुरगळलं तर बोटांना राळेसारखा वास येतो आणि बराच वेळ राहतो. मुलगा म्हणाला, हा ज्युनिपर, यातल्या या जातीला ब्लू रग म्हणतात. शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्या त्याला पाणी घालत नाहीत, खत घालत नाहीत, कापतही नाहीत, आणि बर्फातसुद्धा तो हिरवाच असतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात आमचा उतार आहे. तिथली हवाही कोरडीच, पाऊस आपल्यापेक्षा कमीच, मग आपल्याकडे का येऊ नये?

विचारायचं असं की, सोलापुरात कोणी हा लावून टिकवलाय का? रोप कुठे मिळेल? आणि जमत नसेल तर त्याच्यासारखं बारमाही हिरवं, बुटकं, माती धरून ठेवणारं दुसरं काय लावू? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

होटगी रोड

काकू, एवढा विचार कशाला, वेडेलिया लावा की. पिवळी फुलं येतात, फांदी खोचली की लागते. आमच्या सोसायटीत लई पसरलाय. एका पावसाळ्यात तुमचा उतार झाकून जाईल बघा. नर्सरीत विकतपण घ्यायला नको, आमच्याकडून न्या पोतंभर.

पाचट आणि मुरूम

ताई, मी सोलापुरात बागा सांभाळायचं काम करतो. शाळांच्या, कारखान्यांच्या, बंगल्यांच्या. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण दरवर्षी कोणीतरी फोटो दाखवून हेच मागतं, आणि फोटोतली जागा कुठली आहे ते कोणी बघत नाही. तुम्ही जागेची इतकी नीट माहिती दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

तुमच्या उतारावर पसरणारा ज्युनिपर टिकणार नाही. लावता येईल, एखादा हिवाळा छानही दिसेल, पण बिनकामाचा हिरवा गालिचा म्हणून जे तुम्हाला हवंय ते तो इथे देणार नाही.

तुमचा हिशोब पावसाचा आहे आणि तो चुकीचा नाही. डेन्व्हरला वर्षाला पावणेचारशे मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस-बर्फ पडतो, आपल्याकडे त्याहून जास्तच. पण या झाडाचं गणित पावसावर नाही, रात्रीवर आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. तिथे जुलैत दिवसा ३२-३३ अंश असलं तरी रात्री पारा १५-१६ पर्यंत उतरतो. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात दिवसा ४२-४३ आणि रात्री २५-२६, काही रात्री त्याहूनही वर. झाड दिवसा उन्हात अन्न तयार करतं आणि रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. थंड मुलखातलं झाड अशा रात्रींत साठवलेलंच खात बसतं. त्यात तुमचा उतार पश्चिमेचा, समोर भिंत, पलीकडे रस्ता. संध्याकाळी सातलासुद्धा त्या भिंतीला हात लावून बघा, चटका बसेल. ती उष्णता रात्रभर त्याच झाडावर येणार.

ब्लू रगची मूळ जात उत्तर अमेरिकेतली, कॅनडा-अलास्काकडची. तिला हिवाळ्याची कडक थंडी लागते, झोप लागते म्हणा. डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आपण स्वेटर घालून फिरतो, पण ती थंडी या झाडाच्या हिशोबात धरायची नाही. भारतातही ज्युनिपर आहेत, पण ते हिमालयात, उंचावर. आपल्या सह्याद्रीत महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एकही स्थानिक सूचिपर्णी झाड नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्युनिपरला पाणी कमी चालतं, पण साचलेलं अजिबात चालत नाही. तुमच्याकडे वर मुरूम आहे, हे चांगलं. पण खाली काळी माती आहे. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात, आणि तेव्हा काळी माती फुगून घट्ट बसते, वरून झिरपलेलं पाणी तिच्यावर अडतं. गरम आणि ओलं अशा जागी मुळं कुजतात. आणि वाईट म्हणजे सूचिपर्णी झाड मुळं मेल्यावरही कितीतरी आठवडे हिरवंच दिसतं. पान तपकिरी पडतं तेव्हा आत काही उरलेलं नसतं. लोक म्हणतात, "काल तर चांगला होता."

शहरातल्या एका हॉटेलच्या दारात लॅन्डस्केपवाल्याने असा पसरणारा ज्युनिपर लावला होता. मला नंतर बोलावलं. फेब्रुवारीपर्यंत तो खरोखर देखणा होता. एप्रिलमध्ये पानांवर धुरकट, निस्तेज रंग आला. मी पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली. कागदावर मिठाच्या कणांहून बारीक ठिपके पडले आणि थोड्या वेळात चालायला लागले. लाल कोळी. कोरड्या गरम हवेत ही कीड या झाडावर हमखास येते. पाण्याचा फवारा जोरात मारून ती आटोक्यात राहते, पण मग रोज फवारा मारायला माणूस हवा. मग बिनदेखभालीचं कुठे राहिलं? जूनपर्यंत अर्धा ताटवा गेला. आणि ज्युनिपर जुन्या लाकडातून फुटत नाही. जिथे हिरवं संपलं तिथे कापलं की कायमचं भगदाड.

नर्सरीत "ज्युनिपर" म्हणून जे दाखवतील ते बहुतेक उभं वाढणारं असतं, नाहीतर मोरपंखीसारखं दुसरंच काहीतरी. पसरणारी जात क्वचित येते. आपल्याकडची बरीच शोभेची रोपं उरुळी कांचनहून, नाहीतर आंध्रातल्या कडियमहून येतात. रोप विकत घेताना पावतीवर नाव कोणतं आहे यापेक्षा फांदी आडवी पसरतेय का ते बघा.

वेडेलियाबद्दल, होटगी रोडवाले दादा, रागावू नका. तो लागतो पटकन, हे खरं. पण जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कंपाउंडच्या फटीतून बाहेर गेला की गटाराच्या कडेने पसरतो आणि मग काढता येत नाही. आणि ताईंना पाणी वाचवायचंय. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं की वेडेलिया माना टाकतो.

आता लावायचं काय. तुम्हाला हवंय ते झुडूपवजा, लाकडी फांदीचं, बुटकं, बारमाही हिरवं. त्याला आपल्याकडे सगळ्यात जवळचं उत्तर म्हणजे बुटकी कॅरिसा. आपल्या करवंदाची दक्षिण आफ्रिकेतली बहीण. त्यातली आडवी पसरणारी, दीड-दोन फुटांवर न जाणारी जात मागा. पानं जाड, तकतकीत, गर्द हिरवी. ऊन, वारा, खारं पाणी, हलकी जमीन, सगळं सोसते. पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, संध्याकाळी वास सुटतो. काटे आहेत, त्यामुळे कुत्री त्यात लोळत नाहीत. चीक असतो, तेव्हा छाटताना हातमोजे घाला, आणि लहान मुलं येत असतील तर पानं-फांद्या तोंडात घालू देऊ नका.

मुरूम धरण्याचं काम मात्र एकट्या झाडावर टाकू नका. आधी उताराला आडव्या दोन दगडी ताली घाला. फूटभर उंचीच्या, कोरड्या रचलेल्या, सिमेंट न लावता. पाणी त्यातून गाळून जाईल, मुरूम मागे थांबेल. शेतात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. ताल घातल्यावर ८ फुटांच्या उताराच्या तीन पायऱ्या होतील, आणि तुम्हाला वाकून उभं राहायला सपाट जागा मिळेल.

राजवाडे चौक ते कोलोराडो

मी मूळचा सोलापूरचा, सध्या कोलोराडोत. माझ्या घरापुढे हाच ज्युनिपर आहे म्हणून लिहितोय. पाचट आणि मुरूम यांनी सांगितलं ते पटलं. त्यात इथली बाजू जोडतो.

शेजारणी जे "पाणी घालत नाही" म्हणतात ते जुन्या झाडाबद्दल. लावल्यापासून पहिले दोन उन्हाळे इथेही पाणी द्यावंच लागतं. आणि ते एकमेकांना भिडेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं, मधल्या जागेत गवत उगवतं. ते काढायचं म्हणजे टोचऱ्या फांद्यांत हात घालायचा. बरेच लोक सुरुवातीला मध्ये लाकडाचा भुसा पसरतात. जुन्या ताटव्यांत मधोमध तपकिरी टक्कल पडतं, तेही बघितलंय. बर्फातला हिरवा रंग थंडीत जांभळट होतो, एप्रिल-मेमध्ये परत निळा येतो. मला तो बदल फार आवडतो, पण तो थंडीमुळेच होतो.

काकू, तुमच्या मुलाला सांगून बी किंवा फांदी आणायचा विचार असेल तर कृपया करू नका. परदेशातून रोपं-बियाणं आणायला परवानगी आणि तपासणी लागते, विमानतळावर काढून घेतात, आणि रोग-किडी येतात ते वेगळंच.

ओट्यावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच्या गरमीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. आमच्या भिंतीला काल संध्याकाळी हात लावून बघितला, खरंच चटका बसतो.

कॅरिसा पटली. पण माझं अजून थोडं विचारायचंय. पूर्ण उतार कॅरिसाने भरायचा तर रोपं किती लागतील? पाणी किती? बोअरचं चालेल का? आणि एक हट्ट आहे, तो पुरवता येत असेल तर सांगा. एक तरी ज्युनिपर मला घरात हवाय. मुलगा दिवाळीत येतोय. उतारावर नाही, कुंडीत.

पाचट आणि मुरूम

ताई, हट्ट नक्की पुरवता येईल. आधी उतार.

पूर्ण उतार हिरवा ठेवायचा आग्रह सोडा, असं माझं मत आहे. कधी मे महिन्यात नान्नजला माळढोक अभयारण्याच्या बाजूला जाऊन या. सगळा माळ पिवळा असतो. पवना, मारवेल, कुसळी, सगळी गवतं वाळून उभी. आणि जूनच्या दोन पावसांत तोच माळ हिरवा होतो. मेलेलं काही नसतं, सगळं खाली मुळांत जिवंत असतं. सोलापूरच्या जमिनीचा हा स्वभाव आहे. पाणी न घालता बारमाही हिरवा राहणारा बुटका गालिचा इथे मिळणं अवघड, आणि जे हिरवं ठेवायचं त्याला थोडं तरी पाणी द्यायचं. तेव्हा किती जागेला पाणी द्यायचं ते आधी ठरवा.

मी असं करेन. सगळ्यात खालची पायरी, भिंतीलगतची, आणि मधली, या दोन्हींत कॅरिसा. दोन फुटांवर एक रोप, खालच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये वरच्या ओळीतलं येईल असं. २५ फुटांत दोन ओळींना पंचवीसेक रोपं पुरतील. वरच्या, ओट्याजवळच्या पायरीवर मारवेल गवताचे ठोंब लावा आणि उन्हाळ्यात पिवळं होऊ द्या. ओट्यावर बसलं की ते वाऱ्यावर हलताना दिसेल, आणि चिमण्या-मुनिया बी खायला येतील. वर्षातून एकदा, मेअखेर, विळ्याने वीतभर ठेवून कापायचं. एवढंच काम.

जूनमध्ये चांगला पाऊस होऊन ओल मुरली की लावा. खड्डा फूटभर खोल आणि तेवढाच रुंद, मुरमात एक घमेलं कुजलेलं शेणखत. काळी माती घालू नका, लोक प्रेमाने घालतात आणि खड्ड्याचं तळं करतात. सांगोल्याकडची डाळिंबं अशाच हलक्या मुरमाड रानात येतात, कारण मुळांना हवा मिळते. लावून झालं की मधल्या सगळ्या जागेवर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, गाळप चालू असताना ओळखीच्या शेतकऱ्याकडून टेम्पोभर आणून ठेवा. पाचटाखाली गाजर गवताचं बी सहसा रुजत नाही आणि ओल जास्त दिवस टिकते. वाऱ्याने उडू नये म्हणून वर थोडे दगड ठेवा. फक्त खोडाला टेकवू नका, वाळवी लागेल.

पाणी: पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला दोन लिटर, एक दिवसाआड. म्हणजे सगळ्यांना मिळून ५० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. त्यानंतर आठवड्यातून एकदा दिलं तरी ती हिरवी राहते. बोअरचं पाणी कॅरिसाला चालेल. ठिबक टाकलंत तर त्या पाण्याने तोट्या बुजतात, त्या वर्षातून एकदा काढून साफ कराव्या लागतील. त्यापेक्षा मी तुम्हाला माठ सुचवेन. कुंभाराकडून साधे, रंग न दिलेले लहान माठ घ्या, दर चार रोपांच्या मध्ये एक, गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर चपटा दगड. पाणी द्यायच्या दिवशी भरायचे. पाझरतं पाणी मुळांपर्यंतच जातं, वरची माती कोरडी राहते, त्यामुळे तणही कमी. गुडघ्यांना त्रास नको म्हणून पायरीवर उभं राहून झारीने भरता येतील असे कडेला पुरा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कशालाच घालू नका, त्यात क्षार आटून दाट झालेले असतात.

आता कुंडीतला ज्युनिपर. बोन्साय करणाऱ्यांकडे पसरणाऱ्या जपानी ज्युनिपरची बुटकी जात असते, ती नर्सरीतल्यापेक्षा खात्रीची मिळते. पुण्यात बोन्सायवाले बरेच आहेत, तिथून आणा. आणायची वेळ पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे मार्चच्या आधी मुळं धरायला तीन-चार महिने गारवा मिळतो. दिवाळीला मुलगा येतोय म्हणता, वेळ अगदी जुळते.

कुंडी मातीची, उथळ आणि पसरट, खाली मोठी भोकं. भरताना अर्धा बारीक मुरूम, चाळून, त्यातली धूळ धुऊन काढलेला. पाव हिस्सा विटांचा चुरा, पाव हिस्सा जुनं शेणखत. जागा पूर्वेची, जिथे सकाळी अकरापर्यंत ऊन येतं आणि नंतर घराची सावली पडते. मार्च ते जून कुंडी भिंतीपासून लांब, जमिनीवर, दुसऱ्या मोठ्या कुंडीत वाळू घालून त्यात ठेवा. वाळू ओली ठेवली की मुळं गार राहतात. बोट घालून पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. बोअरचं नको, नळाचं किंवा एसीतून ठिबकणारं द्या, एसीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात रोज सकाळी पानांवर, खालच्या बाजूनेसुद्धा, पाण्याचा फवारा. आठवड्यातून एकदा पांढरा कागद धरून फांदी झटका. ठिपके चालताना दिसले तर त्याच दिवसापासून फवारा दोन वेळा. छाटायचं असेल तर फक्त हिरवा शेंडा, बोटांनी खुडून. कात्री लावू नका.

याला रोज लक्ष द्यावं लागेल. तुमच्या हौसेला ते जड जाणार नाही असं वाटतं.

होटगी रोड

दादा, वेडेलियाचं ते आक्रमक वगैरे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत तो खरंच मागच्या नाल्यात उतरलाय. चेअरमनना हा धागा दाखवतो. काढायचा कसा तेवढं सांगा की.

पाचट आणि मुरूम

वर पाऊस पडून जमीन मऊ असताना, मुळासकट उपटून. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, त्यामुळे तुकडा राहिला की परत येतो. उपटलेलं कंपोस्टात टाकू नका आणि नाल्याकडेला तर अजिबात नको. काळ्या प्लास्टिकखाली उन्हात वाळवा, पूर्ण कोळपलं की मगच टाका. महिन्याभराने त्याच जागी परत एक फेरी मारा, दोन पानांचे कोंब दिसतील ते काढा. नाल्याकडची बाजू आधी घ्या, आतली नंतर.

ताई, ताली घालायला गवंडी बघत असाल तर शेतात बांधबंदिस्तीची कामं केलेला माणूस शोधा. बंगल्याचं काम करणारा गवंडी सवयीने सिमेंट लावेल आणि पाणी मागे तुंबेल. दगड कोरडेच रचायचे, मोठे खाली, आणि ताल किंचित उताराच्या आत झुकलेली.